मोकळ्या कुत्र्यांची तक्रार दरवर्षी परत का येते, आणि गावानं काय करायचं

तूर निघाली, हरभरा घरी आला, की वावरातली जागल संपते. त्यानंतर आमच्या ग्रामपंचायतीत एकाच प्रकारच्या तक्रारी यायला लागतात. पांदणीवर दुचाकीच्या मागं कुत्री लागतात. शाळेत जाणारी पोरं पाराजवळ येऊन थबकतात, मोठं माणूस सोबत मिळेपर्यंत पुढं सरकत नाहीत. कुणाच्या बकरीचं पिल्लू फाडलेलं सापडतं. पहाटे दूध घालायला निघालेल्या माणसाच्या पोटरीला दात लागतात. मग दोन दिवस गावात तावातावानं चर्चा होते, "बंदोबस्त करा" म्हणून अर्ज येतो, एखाद्या रात्री कुणीतरी पोळीत विष घालतं, चार-पाच कुत्री मरतात आणि प्रकरण थंड पडतं. पुढच्या फाल्गुनात सगळं पुन्हा सुरू.

मी यवतमाळ जिल्ह्यात, टिपेश्वर अभयारण्यापासून फार दूर नसलेल्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. वर्धा, चंद्रपूर, अमरावतीकडच्या नातेवाइकांशी बोललं तरी चित्र हेच असतं. माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्न कुत्र्यांपासून धरला तर सुटत नाही, घरांपासून धरला तर सुटतो. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक चावणाऱ्या कुत्र्यांना खाऊ घालणारं एक घर होतं. फक्त चावल्यावर ते घर "आमचं नाही" म्हणत होतं.

फाल्गुनातच का?

हंगामात रानडुकरं आणि रोही पिकात शिरतात म्हणून आपण वावरात जागलीला जातो, तेव्हा कुत्रं सोबत असतं. अंधारात काहीही हललं की त्यानं धावून जायचं, भुकायचं, हाकलून लावायचं, आणि आपण त्याला शाबासकी द्यायची. चार महिने ते हेच शिकतं. पीक निघाल्यावर माणूस घरी झोपायला येतो, कुत्रंही येतं, आणि शिकलेलं काम गावातल्या रस्त्यावर करतं. त्याच्या लेखी पहाटेचा दूधवाला आणि रात्रीचं रानडुक्कर यात फरक नसतो.

दुसरं कारण पिल्लांचं. भाद्रपद-आश्विनात कुत्र्या माजावर येतात, साधारण दोन महिन्यांनी वितात, आणि फाल्गुन-चैत्रापर्यंत ती पिल्लं मोठी होऊन गावभर फिरायला लागतात. त्याच सुमारास लग्नसराई सुरू होते. पंगतीचं उष्टं मांडवामागं पडतं, तिथं टोळी जमते, आणि टोळीतलं कुत्रं एकट्या कुत्र्यापेक्षा फार धीट असतं.

विष घालून यातलं एकही कारण जात नाही. मोकळ्या झालेल्या जागेत शेजारच्या वस्तीतली कुत्री येतात, कारण खायला तेवढंच मिळतं. शिवाय आलेली कुत्री आपल्या माणसांना ओळखत नाहीत, त्यांना लस दिलेली असते की नाही हे कुणालाच माहीत नसतं. आणि विष घालणं हा गुन्हा आहे: भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली प्राण्याला ठार मारणं, विष घालणं किंवा निकामी करणं यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कुत्री गाडीत भरून दुसऱ्या गावाच्या शिवारात सोडून येणं हाही उपाय नाही. ती चुकूनमाकून परत येतात, नाहीतर दुसऱ्याच्या पोरांच्या वाटेवर उभी राहतात.

आधी कुत्रं कोणाचं ते ठरवा

नियम काय लागतो हे कुत्रं कोणत्या प्रकारचं आहे त्यावर ठरतं, म्हणून सुरुवात यादीपासून करा. दिवसा विचारलंत तर कुणी कबूल होणार नाही. सांजेला जेवणाच्या वेळी कोतवाल आणि आशाताईंना सोबत घेऊन गल्लीतून एक चक्कर मारा. त्या वेळी प्रत्येक कुत्रं आपल्याला भाकर मिळते त्या दारासमोर उभं असतं. दुसऱ्या कशानंही मालक इतका सहज सापडत नाही.

यादीत घरमालकाचं नाव, घराचा नमुना ८ मधला (ग्रामपंचायतीच्या घर-कर नोंदवहीतला) क्रमांक, कुत्र्याचा रंग, नर की मादी, लस दिल्याची तारीख लिहा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तीन प्रकार निघतील. घरी पाळलेलं. वावरात किंवा गोठ्यावर राखणीला ठेवलेलं. आणि कुणाच्याच ताब्यात नसलेलं. चार घरं मिळून खाऊ घालतात असं एक चौथं कुत्रंही प्रत्येक गल्लीत असतं, आणि खरा वाद त्याच्यावरूनच होतो. आम्ही तिथं एकच प्रश्न विचारतो: रात्री चोर आला तर हे कुत्रं कोणाच्या छपरीतून भुकते? ज्याच्या, त्याच्या नावावर ते लिहायचं. त्या घराला ते नको असेल तर त्यानं तसं सांगावं, मग ते बेवारसांच्या यादीत जाईल आणि राखणीला ते ठेवून घेता येणार नाही.

हे करताना ऐकून घ्यावं लागतं. आमच्या गल्लीतले एक काकाजी म्हणाले, "काही करत नाही जी थे, नुसतं भुकते." समोरच्या घरातल्या सूनबाई लगेच म्हणाल्या, "काकाजी, तुमाले नाही करत. आमाले करते." काकाजींनी त्या दिवशी नाव लिहून दिलं. मालकाला आपलं कुत्रं कधीच दिसत नाही जसं ते वाटसरूला दिसतं, आणि हे त्याला शांतपणे सांगणारं माणूस शेजारचंच असावं लागतं.

कायद्यात दोर कुठं आहे?

लोक विचारतात, पट्टा बांधायचा कायदा आहे का? शहरात महापालिका किंवा नगरपालिका परवाने देते, बागेत आणि रस्त्यावर कुत्रं दोरीनं धरण्याचे नियम करते. कुत्रं घेऊन पांढरकवड्याला किंवा यवतमाळला गेलात तर तिथले नियम तुम्हाला लागतात. खेड्यात "कुत्र्याला इतक्या हातांची दोरी हवी" असं सांगणारा वेगळा कायदा शोधत बसू नका. जे कायदे आहेत ते गावालाही लागू आहेत आणि पुरेसे आहेत.

सगळ्यात कामाचं भारतीय न्याय संहितेचं कलम २९१. १ जुलै २०२४ पासून ते लागू आहे, आधी हेच भारतीय दंड संहितेत कलम २८९ होतं. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जीवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये म्हणून पुरेशी काळजी जाणूनबुजून किंवा हयगयीनं न घेणं, हा त्यातला गुन्हा. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या कायद्यात दंड १,००० रुपये होता. प्रत्यक्ष इजा झाली तर दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्या निष्काळजीपणाचं कलम १२५ ही लागू शकतं, आणि इजा गंभीर असेल तर त्यात ३ वर्षांपर्यंतची शिक्षा आहे.

दुसरा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. त्याच्या कलम १०६ मध्ये रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी हिंस्र कुत्रं तोंडाला जाळी न लावता मोकळं सोडणं, किंवा कुत्रं एखाद्या माणसावर वा जनावरावर सोडणं याला मनाई आहे. भांडणात "छू" म्हणून कुत्रं अंगावर घालणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

तिसरा मार्ग लोकांना फारसा माहीत नसतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकारी, किंवा तसे अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी, धोकादायक जनावर बंदिस्त ठेवण्याचा सशर्त आदेश मालकाला देऊ शकतात. मालकाला आपलं म्हणणं मांडायची संधी मिळते. एखादं कुत्रं पुन्हा पुन्हा चावतंय आणि मालक ऐकत नाही, अशा वेळी उपविभागीय अधिकारी कार्यालयात लेखी अर्ज, सोबत दवाखान्याच्या चिठ्ठ्या आणि ग्रामपंचायतीच्या नोंदीची प्रत द्या. तोंडी तक्रारीनं तिथं काही हलत नाही.

आता या सगळ्यात ग्रामपंचायतीचं काम काय, ते सांगते, कारण माझ्या मते कळीची जागा तीच आहे. कलम २९१ मधले शब्द आहेत "जाणूनबुजून किंवा हयगयीनं". मालक ठाण्यात सांगतो, "मला काय माहीत, ते चावेल म्हणून?" त्याच्या हातात ग्रामपंचायतीची लेखी सूचना आधीच पोचलेली असेल, तिच्यावर त्याची सही असेल, यादीत कुत्रं त्याच्या नावावर असेल, तर हे वाक्य टिकत नाही. ग्रामसभेच्या ठरावानं कुणाला कैद होत नाही. पण ठराव आणि सूचना नसतील तर कायद्याचं कलम कागदावरच राहतं. आमच्याकडं ज्या घरांनी वर्षानुवर्षं कुत्रं बांधलं नव्हतं, त्यातल्या बऱ्याच जणांनी सूचनेवर सही केल्यावर आपण होऊन पट्टा आणला.

ठराव कसा लिहायचा

"कुत्र्यांचा बंदोबस्त करण्यात यावा" हा ठराव नाही, कारण त्यात कोणी, कुठं, कधी काय करायचं ते लिहिलेलं नाही. जागा आणि वेळ लिहा. आमच्या ठरावाचा आशय असा होता:

"शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, बसथांबा, सार्वजनिक विहीर व नळकोंडाळे, आठवडी बाजार आणि गावठाणातील सर्व रस्ते येथे पाळीव कुत्रे पट्टा व दोरीशिवाय सोडू नये. पहाटे ५ ते सकाळी १० आणि दुपारी ४ ते रात्री ८ या वेळेत घरचे कुत्रे आवारात बांधून किंवा बंद फाटकाच्या आत ठेवावे. पूर्वी चावलेले कुत्रे बाहेर नेताना तोंडाला जाळी लावावी. प्रत्येक मालकाने कुत्र्याची नोंद व रेबीज लसीचा दाखला ग्रामपंचायतीत द्यावा. वावरात राखणीसाठी कुत्रे मोकळे ठेवता येईल, मात्र पांदण रस्त्यालगतच्या वावरात ते दिवसा बांधावे."

शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. वावरातलं कुत्रं बांधायला लावलंत तर शेतकरी ठराव फेटाळेल, आणि त्याचं बरोबरच असेल. रानडुकरांनी पीक लोळवलं तर भरपाईचे कागद घेऊन हिंडणं त्याच्याच वाट्याला येतं. म्हणून वावरात मोकळीक आणि रस्त्यावर दोर, एवढंच मागा.

वेळा ठरवताना महिलांना विचारा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायचीच असते, हा विषय तिथं आधी ठेवा. पहाटे पाण्याला, निंदणाला, वेचणीला निघणाऱ्या बायांना कोणत्या वळणावर कोणतं कुत्रं कधी येतं हे तोंडपाठ असतं. पुरुषांच्या सभेत हा तपशील निघत नाही.

ठराव झाला की दवंडी द्या, शाळेच्या भिंतीवर लिहा, आणि यादीतल्या प्रत्येक घराला सूचना देऊन पोच घ्या. पहिल्या तक्रारीला समज, दुसऱ्या वेळी लेखी नोटीस, चावा झाला तर थेट ठाण्यात तक्रार. बकरी किंवा कोंबड्या मारल्या तर भरपाईचा प्रश्न तंटामुक्त समितीत बसवता येतो आणि बहुतेक वेळा तिथंच सुटतो. माणूस चावल्याचं प्रकरण मात्र समितीत मिटवून टाकू नका. जखमी माणसाचा उपचार आणि कुत्र्यावरची नजर या दोन्ही गोष्टींना नोंद लागते.

बांधायचं म्हणजे कसं

इथं मला थोडं थांबायचं आहे, कारण "बांधा" म्हटलं की लोक कुत्र्याला गोठ्याच्या खुंट्याला हातभर साखळीनं अडकवून दिवसभर उन्हात ठेवतात. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. टिनाच्या पत्र्याखाली बांधलेलं कुत्रं त्या उन्हात जिवंत राहणंच कठीण. आणि हेही बेकायदेशीर आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा कलम ११ मध्ये सांगतो की जनावराला अवाजवी काळ, अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं बांधून ठेवणं ही क्रूरता आहे. नेहमी बांधलेल्या कुत्र्याला मालकानं फिरवलं नाही, हीसुद्धा त्याच कलमात क्रूरता आहे. त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये इतकाच राहिला आहे, पण दंड लहान म्हणून दुःख लहान होत नाही.

आणि व्यवहाराचं सांगायचं तर, कायम आखूड बांधलेलं कुत्रं जास्त चावतं. त्याला पळता येत नाही, म्हणून जवळ येणाऱ्या प्रत्येकावर ते झेप घेतं. एखाद्या दिवशी साखळी तुटली की पहिला सापडणारा माणूस बहुधा लहान पोर असतं.

चांगला उपाय स्वस्त आहे. अंगणात दोन खांबांमध्ये जाड तार ताणा, तारेत एक लोखंडी कडी घाला, कडीला दोर आणि दोराला पट्टा. कुत्रं तारेच्या लांबीभर हिंडू शकतं, रस्त्यापर्यंत पोचत नाही. तार अशी ताणा की एका टोकाला सावली आणि पाणी असेल. गळ्यातला पट्टा रुंद, कापडी किंवा चामड्याचा असावा, आणि त्याखाली दोन बोटं सहज जावीत. बांधायची तार किंवा नायलॉनची सुतळी गळ्यात घालू नका. ती रुतते, जखम होते, आणि पावसाळ्यात त्या जखमेत किडे पडतात. वाढत्या पिल्लाचा पट्टा दर महिन्याला सैल करा.

तोंडाच्या जाळीचं आपल्याला नवल वाटायला नको. डवरणीला बैल पिकाला तोंड लावू नये म्हणून आपण त्याला मुसकं घालतोच. कुत्र्याचं मुसकंही तसंच मोकळं, टोपलीसारखं हवं, ज्यात त्याला जीभ बाहेर काढून धापता येईल आणि पाणी पिता येईल. कुत्रं धाप टाकूनच अंगातली उष्णता घालवतं. फडक्यानं तोंड करकचून बांधलेलं कुत्रं उन्हाळ्यात मरू शकतं.

रात्री घरी सगळे झोपल्यावर फाटक लावून आवारात मोकळं सोडा. सकाळ-संध्याकाळ दोरीनं धरून वावरापर्यंत नेऊन आणा. भाकर समोरच्या दारात न घालता मागच्या अंगणात घाला. ज्या जागेवर जेवण मिळतं ती जागा कुत्रं राखतं, आणि ती जागा रस्त्याच्या कडेला असली की रस्ताही त्याचाच होतो.

दुचाकीच्या मागं लागणारं कुत्रं

कुत्रं गाडीमागं धावतं आणि प्रत्येक गाडी निघून जाते. त्याच्या हिशोबानं त्यानं ती हाकलली. दिवसातून अनेकदा त्याला असं यश मिळतं, म्हणून खोड जात नाही. चालवणाऱ्यानं वेग वाढवला की त्याचं यश पक्कं होतं, आणि खडीवर घसरून पडल्यानं होणारी इजा चाव्यापेक्षा मोठी असू शकते. गाडी हळू करा, गरज पडली तर थांबा. लाथ मारू नका. गाडी थांबली की बहुतेक कुत्र्यांचा धावण्याचा विषयच संपतो.

पण हा वाटसरूचा तात्पुरता उपाय झाला. खरा उपाय मालकाच्या हातात आहे: रहदारीच्या वेळी ते कुत्रं तारेवर ठेवा. गाड्या हाकलायची संधीच मिळाली नाही की खोड हळूहळू सुटते. पोरांना शाळेत शिकवा की कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, दगड उचलायचा नाही, हात छातीशी घेऊन, नजर खाली ठेवून जागेवर उभं राहायचं आणि मग हळूहळू मागं सरकायचं. विणारी किंवा पिल्लांजवळची कुत्री असेल त्या गल्लीनं काही दिवस जाऊच नये.

शाळा

शाळेच्या आवारात कुत्री येतात ती बहुतेक खिचडीसाठी. उरलेलं अन्न कुंपणाबाहेर फेकलं जातं आणि दुपारी तिथं टोळी बसलेली असते. उष्टं झाकणाच्या डब्यात जमा करून रोज दूर न्या. कुंपणाची भोकं बुजवा. सर्वोच्च न्यायालयानं ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शिक्षणसंस्था, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकं इथं कुंपण घालून भटकी कुत्री आत येऊ न देण्यास सांगितलं आहे. तिथून पकडलेली कुत्री नसबंदी आणि लसीकरणानंतर त्याच जागी परत सोडायची नाहीत, असंही त्यात आहे. कुंपणाच्या निधीसाठी पंचायत समितीकडं प्रस्ताव पाठवताना या आदेशाचा उल्लेख जरूर करा.

कुणाचंच नसलेलं कुत्रं

बेवारस कुत्र्यांसाठी प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ आहेत. १० मार्च २०२३ ला ते आले आणि २००१ च्या नियमांची जागा त्यांनी घेतली. पाळीव कुत्र्याचं लसीकरण, जंतनाशक आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी, रस्त्यावरच्या कुत्र्यांची स्थानिक संस्थेची, असं त्यांत स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशानुसार नसबंदी, जंतनाशक आणि लस झालेलं कुत्रं त्याच भागात परत सोडायचं असतं. रेबीज झालेलं किंवा त्याचा संशय असलेलं आणि आक्रमक कुत्रं याला अपवाद.

खेड्यात नसबंदी केंद्र हाताशी नसतं, ही खरी अडचण. म्हणून मी गावाला एकच गोष्ट आधी करायला सांगते: यादीतल्या घरच्या माद्या. गावात हिंडणारी कितीतरी बेवारस पिल्लं कुणाच्या तरी घरच्या मादीचीच असतात. ती वितात, घर एक नर ठेवतं आणि बाकीची पिल्लं आखरावर नेऊन टाकतं. (असं टाकून देणं हाही १९६० च्या कायद्याखाली गुन्हा आहे.) तालुक्याच्या पशुवैद्यकीय चिकित्सालयात डॉक्टरांशी बोलून चार-पाच घरांच्या माद्या एका गाडीतून एकाच दिवशी नेल्या तर खर्च वाटला जातो. भाद्रपदाच्या आधी हे झालं तर पुढच्या फाल्गुनातली टोळी लहान होते.

लसीकरणाचं शिबिर मात्र गावातच घेता येतं. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्याच्या आसपास पशुधन विकास अधिकाऱ्यांकडं मागणी करा. पिल्लाला तिसऱ्या महिन्यापासून लस देता येते, मग डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी मात्रा आणि पुढं दरवर्षी. लस झालेल्या प्रत्येक कुत्र्याला एकाच रंगाचा पट्टा घातला तर चावल्यावर दुरूनही कळतं.

जंगलालगतच्या गावांसाठी

टिपेश्वर, ताडोबा, पेंच, बोर, मेळघाट, नवेगाव-नागझिरा, यांच्या कडेला राहणाऱ्यांना पट्ट्याचं कारण दुहेरी आहे. मोकळी कुत्री जंगलात शिरून हरणाची पाडसं मारतात. कुत्र्यांमधला डिस्टेंपर हा रोग वाघ, बिबट आणि सिंहांनाही होतो. २०१८ मध्ये गीरमध्ये सिंह दगावले, त्यामागं याच रोगाचा विषाणू होता. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३३-अ मध्ये अभयारण्यात आणि त्याच्या ५ किलोमीटरच्या आतल्या पाळीव जनावरांना लस देण्याची तरतूद आहे. गाव त्या हद्दीत येत असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना पत्र लिहून कुत्र्यांच्या लसीकरणासाठी मदत मागा. कुत्री घेऊन सशामागं जाणाऱ्या पोरांनाही सांगा: प्राण्याचा पाठलाग करून त्याला हाकणं हेसुद्धा कायद्याच्या शिकारीच्या व्याख्येत येतं.

मोहफुलं वेचायला आणि तेंदूपत्त्याला जाताना सोबतीला कुत्रं नेण्याची पद्धत आहे. मी ते नेऊ नका म्हणते. अस्वल किंवा वाघ दिसला की कुत्रं भुकून त्याला चिडवतं आणि मग जीव वाचवायला मालकाच्याच पायाशी पळत येतं. गावातली मोकळी कुत्री बिबट्यालाही वस्तीकडं ओढतात. रात्री कुत्रं फाटकाच्या आत, शक्य असेल तर बंद गोठ्यात ठेवा. बिबट फिरत असल्याचं दिसलं तर वन विभागाचा क्रमांक १९२६.

चावलंच तर

रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. आणि वेळेवर उपचार केला तर तो टाळता येतो. म्हणून मालकाशी भांडण नंतर. आधी जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. घाई करून दोन मिनिटांत उरकू नका, विषाणू जखमेतच कमी करण्याचा तो एक मोठा उपाय आहे. चुना, तिखट, हळद, तेल काहीही लावू नका. झाडफुकीत एक दिवसही घालवू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, तिथं रेबीजची लस मोफत मिळते. दंडात देतात त्या पद्धतीत पहिल्या दिवसानंतर ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी इंजेक्शन असतं. कातडीत देण्याची पद्धत असेल तर १४ वा दिवस नसतो. एकही मात्रा चुकवू नका. कातडी फाटून रक्त आलं असेल तर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूला लगेच अडवणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं. ते ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात असेल तर तिथं जाण्यासाठी डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. नखाचा ओरखडासुद्धा दाखवा.

कुत्र्याला मारू नका. १० दिवस बांधून त्याच्यावर नजर ठेवा. ते दहाव्या दिवशी धडधाकट असेल तर पुढच्या उपचाराबद्दल डॉक्टर ठरवतील. तोवर लस थांबवायची नाही. ते आधीच मेलं, लाळ गाळायला लागलं, विनाकारण कुणालाही चावायला लागलं, तर लगेच आरोग्य केंद्राला आणि १९६२ या पशुवैद्यकीय क्रमांकावर कळवा, आणि त्याच्या संपर्कात आलेल्या प्रत्येक माणसाची आणि जनावराची नावं लिहून ठेवा. मग ठाण्यात तक्रार: तारीख, वेळ, जागा, यादीतला कुत्र्याचा क्रमांक, सूचनेच्या पोचपावतीची प्रत, दवाखान्याची चिठ्ठी. कलम २९१ चा गुन्हा दखलपात्र आहे, तेव्हा पोलिसांना न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास करता येतो. तक्रारीची प्रत मागून घ्या.

१ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायचा असेल तर विषयपत्रिकेत नाव यावं म्हणून अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडं द्या, आणि सांजेची चक्कर त्याआधी मारून यादी सोबत जोडा. यादी जोडलेला अर्ज सभेत वाचला जातो तेव्हा प्रत्येक कुत्र्यासमोर कुणाचं तरी नाव असतं, आणि चर्चा कुत्र्यांवर न होता त्या नावांवर होते.